लाइव्ह स्ट्रीमचे अलर्ट: थ्रेशोल्ड किती ठेवता आणि रात्री फोन नक्की कशासाठी वाजवता?

रात्रपाळी_चालू

मंडळी, लाइव्ह स्ट्रीम मॉनिटरिंगवाले कुणी असाल तर जरा मार्ग दाखवा, डोक्याला ताप झालाय नुसता.

सेटअप असा आहे, वीस-बावीस लाइव्ह चॅनेल, एन्कोडरवरून एसआरटीने (इंटरनेटवरून व्हिडिओ पाठवायचा प्रोटोकॉल) ओरिजिनला (मूळ सर्व्हरला) येतात, तिथे एचएलएस (प्लेलिस्ट आणि छोट्या तुकड्यांची स्ट्रीम) बनतं, ६ सेकंदांचे सेगमेंट म्हणजे तुकडे, प्रत्येकाची चार व्हेरियंट (वेगवेगळ्या दर्जाच्या आवृत्त्या), पुढे सीडीएन (प्रेक्षकांपर्यंत पोचवणारं सर्व्हरचं जाळं). मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर आत येणारा टीएस (ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, पॅकेटांत बांधलेला व्हिडिओ-ऑडिओ) पण बघतं आणि बाहेर जाणारं एचएलएस पण बघतं, म्हणजे माहितीची कमी नाही, उलट तीच जास्त झालीये. ज्याने आधी लावलं त्याने बहुतेक सगळे तयार नियम चालू केले आणि वरून स्वतःचे घातले. आत्ता असं आहे की बिटरेट ३ एमबीपीएसच्या खाली गेला की क्रिटिकल, पॅकेट लॉस शून्याच्या वर गेला की क्रिटिकल, सीसी एरर (पॅकेटच्या क्रमांकात खंड) एक जरी आला तरी क्रिटिकल, सर्व्हरचा सीपीयू ८० टक्क्यांच्या वर की क्रिटिकल (हो, तोसुद्धा), आवाज ५ सेकंद गेला, चित्र ३ सेकंद काळं झालं, ५ सेकंद गोठलं, सगळं क्रिटिकल. आणि हे सगळं एकाच चॅट ग्रुपवर, मेलवर आणि ड्युटीवरच्या माणसाच्या फोनवर.

परिणाम काय, तर रात्रभर फोन कोकलतो. लाल, हिरवा, परत लाल, परत हिरवा. ग्रुप सगळ्यांनी म्यूट करून ठेवलाय, लांडगा आला रे आला झालंय पार. आणि मग व्हायचं तेच झालं, मागच्या आठवड्यात एका चॅनेलचं चित्र गोठलं, आवाज व्यवस्थित चालू, पंधरा-वीस मिनिटं प्रेक्षक एकाच माणसाचं अर्धवट उघडं तोंड बघत बसले आणि आमच्या डॅशबोर्डवर बिटरेटची रेघ सरळच्या सरळ, हिरवीगार. फ्रीझचा नियम कधीतरी सगळ्याच चॅनेलना बंद केलेला निघाला, कारण आमच्याकडे एक बुद्धिबळाचं चॅनेल आहे, तिथे पटावर पाच-पाच मिनिटं काही हलत नाही आणि नियम सारखा पेटायचा. शेवटी कळलं ते प्रेक्षकांच्या तक्रारीवरून.

तर विचारायचंय हे की बिटरेटचा आकडा किती ठेवायचा, ३ चा २ केला तर भागेल का? फ्रीझचं काय करायचं? आणि एकच बिघाड झाला की पन्नास मेसेज येतात ते कसं आवरायचं? तुमचे आकडे सांगा, मी तेच टाकतो.

पॅकेटमोजणी

तेच टाकू नका. दुसऱ्याचा आकडा उचलून उपयोग नसतो, का ते पुढे येईलच.

आधी बिटरेट. ३ चा २ करून काहीही होणार नाही, तुम्ही मोजताय काय ते बघा ना. टीएस सीबीआर (कायम एकच रेट) असेल तर ठरलेला रेट भरून काढायला मक्सर (सगळे प्रवाह एकत्र गुंफणारा भाग) नल म्हणजे रिकामी पॅकेट घालत राहतो, पीआयडी (पॅकेट कुठल्या प्रवाहाचं ते सांगणारा नंबर) ८१९१. एन्कोडरचा इनपुट गेला की बरेच एन्कोडर शेवटची फ्रेम परत परत पाठवतात, तिला बिट्स जवळजवळ लागतच नाहीत, मग व्हिडिओच्या पीआयडीचा रेट धाडकन पडतो आणि ती जागा नल पॅकेट घेतात. एकूण बिटरेट जिथल्या तिथे. तुमची ती हिरवीगार रेघ बहुतेक हीच. सॉफ्टवेअरमध्ये पीआयडीनुसार बिटरेट दिसत असेल तर त्या रात्रीचा ग्राफ काढून बघा, व्हिडिओचा पीआयडी खाली आणि ८१९१ वर गेलेला सापडेल.

आणि व्हीबीआर (गरजेप्रमाणे बदलणारा रेट) असेल तर नेमकं उलटं होतं. स्थिर स्लाइड आली, कुणी शांत बसून बोलतंय, की रेट खाली येतो आणि त्यात चुकीचं काहीच नसतं. म्हणजे एकीकडे एकूण बिटरेट खऱ्या बिघाडात गप्प बसतो आणि दुसरीकडे काही झालेलं नसताना ओरडतो. माझ्या मते एकूण बिटरेटवर फोन वाजवणं बंदच करा. व्हिडिओ किंवा ऑडिओ पीआयडी ५ सेकंद पूर्ण शून्य, यावर वाजवा. बाकी बिटरेटचा ग्राफ सकाळी चहा पिताना बघायचा.

दुसरं सीसी एरर. कंटिन्युइटी काउंटर ४ बिटांचा असतो, प्रत्येक पीआयडीचा वेगळा, ० ते १५ मोजतो आणि परत शून्यावर येतो. एक सीसी एरर म्हणजे मधलं एखादं १८८ बाइटचं पॅकेट किंवा काही पॅकेट गायब. प्रेक्षकाला क्षणभर चौकोन दिसले असतील किंवा तेही नाही. त्यावर माणूस उठवायचा? टीआर १०१ २९० या टीएस तपासायच्या मार्गदर्शक यादीत सीसी एरर पहिल्या प्रायॉरिटीत आहे म्हणून लोक डोळे मिटून क्रिटिकल करतात, पण तिथली प्रायॉरिटी म्हणजे टीएस डिकोड होण्यासाठी काय लागतं त्याचा क्रम आहे, तुमच्या झोपेचा नाही. त्याच यादीत सिंक लॉस आहे, पीएटी आणि पीएमटी (टीएसमध्ये काय कुठे आहे ते सांगणारे तक्ते) अर्ध्या सेकंदात न दिसणं आहे, ते मात्र सलग टिकलं तर खरंच चॅनेल गेलं समजा.

एररची संख्या मोजण्यापेक्षा खराब सेकंद मोजा. एका मिनिटातल्या किती सेकंदांत निदान एक एरर आला, असं. एका झटक्यात ४०० एरर येऊन थांबले तर तो एकच खराब सेकंद होतो, आणि दर सेकंदाला एकेक येत राहिला तर ते साठ होतात. प्रेक्षकाला त्रास दुसऱ्यात जास्त होतो, संख्येच्या नियमात मात्र पहिला मोठा दिसतो. सुरुवातीला मिनिटात १० खराब सेकंद झाले की वॉर्निंग आणि सलग दोन मिनिटं ३० च्या वर राहिले की क्रिटिकल असं ठेवा, मग तुमच्या लाइनी बघून हलवा.

तिसरं एसआरटी, इथे तुमचा नियम पार उलटाय. एसआरटीमध्ये पॅकेट हरवणं वेगळं आणि टाकून दिलं जाणं वेगळं. हरवलं, परत मागवलं, वेळेत आलं तर प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही, तो प्रोटोकॉल आहेच त्यासाठी. लेटन्सीच्या मुदतीत आलं नाही की रिसीव्हर ते सोडून पुढे जातो, तो आकडा ड्रॉपचा. अलर्ट ड्रॉपवर लावा. लॉस फक्त ग्राफवर, आणि परत पाठवलेल्या पॅकेटचं प्रमाण बराच वेळ चढत राहिलं तर दिवसा बघायची वॉर्निंग. आणि हो, लेटन्सी १२० मिलिसेकंदांच्या डिफॉल्टवर सोडलीये का ते बघा, लांबच्या लिंकला ती पुरत नाही, साधारण आरटीटीच्या (पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळेच्या) चौपट धरतात. दोन्ही टोकांना वेगळी टाकली असेल तर मोठी असते ती लागू होते.

गप्पच_बरा

सीपीयूचा अलर्ट आजच उडवा. ट्रान्सकोडरचा सीपीयू ८० वर नसेल तर उरलेल्या कोअरचे पैसे कशाला भरताय? फ्रेम ड्रॉप होतायत का आणि एन्कोडिंगचा स्पीड १ च्या खाली गेलाय का, एवढं बघा. १ च्या खाली म्हणजे एका सेकंदाचा व्हिडिओ करायला एका सेकंदापेक्षा जास्त लागतोय, लाइव्हमध्ये तिथेच खेळ संपतो.

सेगमेंटवाली

वर टीएसचं छान सांगितलंय, पण प्रेक्षक टीएस बघत नाही, तो सीडीएनवरून एचएलएस बघतो, आणि तुमच्या सगळ्या यादीत एचएलएसचा एकही नियम नाहीये! म्हणजे आत सगळं आलबेल आणि पॅकेजर (सेगमेंट आणि प्लेलिस्ट बनवणारा प्रोग्राम) अडकला तर तुम्हाला कळणार कुठून?

एचएलएसमध्ये एचटीटीपी कोडवर अजिबात विसंबू नका. पॅकेजर मेला तरी शेवटची प्लेलिस्ट फाइल डिस्कवर असते, सीडीएनच्या कॅशमध्ये असते, २०० (सगळं ठीकचा कोड) मिळत राहतो, साइझही बरोबर, सगळं हिरवं. बघायचं ते हे की मीडिया सीक्वेन्स (प्लेलिस्टमधल्या पहिल्या सेगमेंटचा क्रमांक) आणि शेवटच्या सेगमेंटचं नाव पुढे सरकतंय की नाही. याला मी प्लेलिस्ट शिळी होणं म्हणते, आणि सगळ्या नियमांत पहिला नियम हाच लावते.

आता त्याचा आकडा, आणि इथे अंदाजपंचे दाहोदरसे करायची गरजच नाही. आरएफसी ८२१६ (एचएलएसचं स्पेसिफिकेशन) प्रमाणे लाइव्ह प्लेलिस्ट टार्गेट ड्युरेशनच्या (सेगमेंटच्या कमाल लांबीच्या) दीडपटीच्या आत अपडेट व्हायला हवी, म्हणजे तुमच्या ६ सेकंदांना ९ सेकंद. दुसरीकडे प्लेअरने लाइव्हमध्ये शेवटापासून तीन टार्गेट ड्युरेशनपेक्षा जवळ सुरू करू नये असंही त्यात आहे, म्हणजे प्लेअरकडे साधारण १८ सेकंदांची गंगाजळी असते. तर ९ पर्यंत सगळं नियमात, १८ ला प्रेक्षकाचं चक्र फिरायला लागणार, तुमचा थ्रेशोल्ड या दोघांच्या मधे. १२ ला वॉर्निंग, १८ ला क्रिटिकल. उद्या कुणी सेगमेंट २ सेकंदांचे केले तर हे आकडे ४ आणि ६ होतील, म्हणून नियमात १२ लिहू नका, टार्गेट ड्युरेशनची दुप्पट आणि तिप्पट असं लिहा. वर "दुसऱ्याचा आकडा उचलू नका" म्हटलंय ते याचसाठी.

मग प्रोबचा (ठरावीक वेळाने स्ट्रीम तपासणाऱ्या प्रोग्रामचा) इंटरव्हल बघा. मिनिटातून एकदा प्लेलिस्ट आणणारा प्रोब १२ सेकंदांचा थ्रेशोल्ड काय पाळणार, कप्पाळ? निदान दर टार्गेट ड्युरेशनला एकदा तरी आणा.

आणखी दोन गोष्टी ज्या हमखास सुटतात. एक, मीडिया सीक्वेन्स मागे जाणं. पॅकेजर रीस्टार्ट झाला आणि मोजणी शून्यापासून सुरू झाली तर नवा प्रेक्षक आरामात बघतो आणि आधीपासून बघणारे अडकून बसतात, आणि ऑफिसमध्ये कुणीही उघडून बघितलं की म्हणतं चालतंय की. आकडा कमी झाला की लगेच अलर्ट, वाट बघायची नाही, हा कधीच नॉर्मल नसतो. दोन, मास्टर प्लेलिस्ट तपासून थांबू नका, प्रत्येक व्हेरियंट वेगळी तपासा. पण चारपैकी एक मेली तर रात्री कुणाला उठवू नका, वॉर्निंग पुरे, बरेच प्लेअर दुसरीवर जातात. ऑडिओ वेगळ्या प्लेलिस्टमध्ये असेल तर मात्र ती एकटी मेली तरी क्रिटिकल, कारण ती सगळ्यांना सामाईक असते.

आणि प्रोब दोन ठिकाणांहून ठेवा, एक थेट ओरिजिनवर, एक सीडीएनमधून. दोन्ही शिळे तर तुमची चूक, फक्त सीडीएनचा शिळा तर प्लेलिस्टचा टीटीएल (कॅशमध्ये ठेवायची मुदत) कुणीतरी वाढवून ठेवलाय का ते आधी बघा, नव्वद टक्के वेळा तेच निघतं.

रात्रपाळी_चालू

बाप रे, एवढं भरभरून येईल वाटलं नव्हतं. पीआयडीचा ग्राफ काढला आत्ताच. अगदी तसंच, चित्र गोठलं त्या मिनिटाला व्हिडिओचा पीआयडी तळाला आणि नल पॅकेट वर. एकूण रेघ सरळ. हे आधी कुणी सांगितलं असतं तर.

पण फ्रीझचं अजून अडलंय. बुद्धिबळ सोडून बाकी चॅनेलना ५ सेकंद ठेवू का? आणि मध्यंतराची पाटी लागते तेव्हा काय? ती तर मुद्दाम गोठवलेलीच असते.

चित्रगुप्त_क्यूसी

फ्रीझ, काळं आणि शांतता हे तिन्ही कंटेंट बघून लावायचे नियम आहेत, सगळ्या चॅनेलना एक आकडा लावला की असंच होणार. चॅनेलचे प्रोफाइल करा. चर्चा आणि बातम्या एक, खेळ एक, नाटक-मैफल एक, बुद्धिबळ स्वतंत्र. चारपाच प्रोफाइलच्या वर जाऊ नका, नाहीतर तेच सांभाळत बसाल.

तुमचं सॉफ्टवेअर आतून एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरचे फिल्टर वापरत असेल (बरीच वापरतात) तर त्यांचे डिफॉल्ट माहीत असू द्या. ब्लॅकडिटेक्ट २ सेकंद आणि चित्राचा ९८ टक्के भाग काळा, सायलेन्सडिटेक्ट उणे ६० डीबी आणि २ सेकंद, फ्रीझडिटेक्टही उणे ६० डीबी आणि २ सेकंद. हे आकडे रेकॉर्ड केलेली फाइल तपासायला ठीक आहेत, रात्री माणूस उठवायला नाहीत. नाटकात दोन प्रवेशांच्या मधला अंधार सहज दहा-पंधरा सेकंद असतो. तिथे काळ्या फ्रेमचा नियम ३० सेकंद तरी हवा.

पण खरा उपाय म्हणजे नियम एकट्याने पेटू द्यायचे नाहीत, जोडीने पेटवायचे. चित्र गोठलंय आणि आवाजही नाही, दोन्ही एकदम १० सेकंद, तर क्रिटिकल, कारण असं मुद्दाम कुणी करत नाही. नुसतं काळं पण आवाज चालू, तर बहुतेक नाटक चालू आहे, ३० सेकंदांनी वॉर्निंग. नुसतं गोठलंय पण आवाज चालू, जे तुमच्याकडे झालं, हा अवघड प्रकार, कारण स्लाइड दाखवून बोलणारा वक्ता आणि मेलेला कॅमेरा दोन्ही इथे सारखेच दिसतात. इथे मी ज्या चॅनेलवर स्लाइड येत नाहीत तिथे २० सेकंदांना क्रिटिकल आणि येतात तिथे ९० सेकंदांना वॉर्निंग ठेवतो.

बुद्धिबळासाठी पूर्ण फ्रेम तपासू नका. सॉफ्टवेअरमध्ये तपासायचा भाग निवडता येतो का बघा, नसेल तर आधी क्रॉप करून फिल्टरला द्या. खेळाडूंच्या घड्याळाचा चौकोन निवडा. पट पाच मिनिटं हलणार नाही, पण डाव चालू असताना दोनपैकी एका घड्याळाचे सेकंद सरकतच असतात. तेवढ्या चौकोनात १५ सेकंद काही बदललं नाही तर गडबड आहे.

पाटीचं म्हणाल तर पाटीचा एक नमुना साठवून तुलना करणारी सॉफ्टवेअर आहेत, तेवढं नसेल तर पाटीच्या कोपऱ्यात हळू फिरणारं काहीतरी ठेवायला सांगा ग्राफिक्सवाल्यांना. पाच मिनिटांचं काम आहे त्यांचं, तुमचं आयुष्य सोपं होतं.

आवाजाबद्दल एक, शांतता दोन्ही चॅनेलची एकत्र बघत असाल तर एकटा डावा गेलेला कधीच कळणार नाही, वेगवेगळं बघायचा पर्याय चालू करा. आणि कुणी सांगेल उणे २३ एलयूएफएसवर (आवाजाच्या पातळीचं एकक) अलर्ट लावा, तर लावू नका, तो ईबीयू आर १२८ या आवाजाच्या पातळीच्या शिफारशीचा आकडा पूर्ण कार्यक्रमाच्या सरासरीचा आहे, पाच सेकंदांच्या अलर्टसाठी नाही.

पॅकेटमोजणी

घड्याळाची आयडिया झकास, फक्त एक विचारा, ते घड्याळ चित्रात कुठे घुसतं? घड्याळ कॅमेऱ्यातच दिसत असेल किंवा प्रॉडक्शन स्विचरवरच बसत असेल तर ठीक. पण एन्कोडरमध्ये किंवा त्याच्याही पुढे ओव्हरले होत असेल तर मागचं चित्र मेलं तरी घड्याळ टिकटिक करत राहील आणि तुमचा नियम शांत. तळाला धावणाऱ्या बातम्यांच्या पट्टीचंही तेच, पट्टी पळतेय म्हणून पूर्ण फ्रेमचं फ्रीझ डिटेक्शन समाधानी असतं आणि वर अँकर पुतळा झालेला असतो. अशा चॅनेलना पट्टी वगळून वरचा भाग तपासा.

चित्रगुप्त_क्यूसी

हे बरोबर, ते लिहायचं राहिलं. ओव्हरले पुढे बसत असेल तर घड्याळाऐवजी कोपऱ्यातल्या समालोचकांच्या कॅमेऱ्याचा चौकोन घ्या. माणूस कितीही गहन विचारात असला तरी पापणी लवतोच.

शांत_पेजर

आता मेसेजच्या पुराबद्दल, कारण वरचे सगळे नियम नीट केले आणि पोचवण्याची व्यवस्था तशीच ठेवली तर परत ग्रुप म्यूट होणार.

अलर्टमॅनेजर (प्रोमिथियस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचा अलर्ट पोचवणारा भाग) धरून सांगतो, बाकी सॉफ्टवेअरमध्ये नावं वेगळी, कल्पना तीच. पहिलं ग्रुपिंग. चॅनेलनुसार ग्रुप करू नका, बिघाड जिथे होतो त्यानुसार करा, म्हणजे ओरिजिन सर्व्हर किंवा साइट. ओरिजिन गेला की वीस चॅनेल गुणिले चार व्हेरियंट असे ऐंशी अलर्ट पेटतात, ते एका मेसेजमध्ये यायला हवेत. दुसरं इनहिबिट, म्हणजे एक अलर्ट पेटला की त्याच्यामुळे येणारे बाकीचे दाबणं. ओरिजिन डाउन पेटलेला असेल तर त्याच ओरिजिनवरचे प्लेलिस्ट शिळ्याचे अलर्ट पाठवूच नका. एसआरटीचा इनपुटच तुटलाय तर त्या चॅनेलचं फ्रीझ, काळं, शांतता सगळं दाबा. यात दोन्हीकडे लेबल तंतोतंत जुळायला लागतं, एकीकडे चॅनेलचं नाव आणि दुसरीकडे चॅनेलचा नंबर असेल तर इनहिबिट चुपचाप काम करत नाही आणि एररही देत नाही.

लाल-हिरवा-लालसाठी पेटण्याचा आणि विझण्याचा आकडा वेगळा ठेवा. खराब सेकंद ३० ला पेटला तर १० च्या खाली आला तरच विझू द्या, २९ ला नाही. झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये यासाठी रिकव्हरीची अट वेगळी लिहिता येते. प्रोमिथियसमध्ये विझल्यावरही ठरावीक वेळ पेटता ठेवायचा पर्याय आहे, कीप फायरिंग फॉर, २.४२ पासून, मी २ मिनिटं देतो. आणि बरं झाल्याचा मेसेज फोनवर नकोच, चॅटवर पुरे.

आता हिशोब करायचा भाग, हा कुणी करत नाही. प्लेलिस्ट १८ सेकंदांना क्रिटिकल म्हणालात. स्क्रेप (आकडे गोळा करायचा इंटरव्हल) १५ सेकंदांचा, नियम तपासायचा इंटरव्हल १५ सेकंदांचा, फॉर (अट सलग किती वेळ टिकली की पेटायचं) ३० सेकंद, त्यावर अलर्टमॅनेजरचा ग्रुप वेट (पहिला मेसेज पाठवण्याआधी बाकीच्या अलर्टची वाट बघायचा वेळ) डिफॉल्ट ३० सेकंद. सगळं वाईट जुळलं तर १०८ सेकंद, जवळजवळ दोन मिनिटं, तेव्हा कुठे फोन वाजणार. आणि स्क्रेप, तपासणी डिफॉल्टवर म्हणजे एकेक मिनिटावर सोडली असेल तर तीन मिनिटांच्या पुढे गेलात. म्हणून आधी ठरवा की बिघाडापासून किती वेळात माणूस जागा व्हायला हवा, आणि मग तो वेळ या पाच जागी वाटा. क्रिटिकलचा ग्रुप वेट मी ५ ते १० सेकंदांवर आणलाय, वॉर्निंगचा वाढवून ५ मिनिटं केलाय, घाई कुणाला आहे. परत आठवण करून द्यायचा इंटरव्हल डिफॉल्ट ४ तासांचा असतो, लाइव्हच्या क्रिटिकलला तो फार लांब, १५ मिनिटं करा आणि उचलला नाही तर पुढच्या माणसाला जाऊ द्या.

गप्पच_बरा

मी तर प्रत्येक नियमाला फॉर ५ मिनिटं लावतो, नव्वद टक्के अलर्ट आपोआप मरतात. साधा सोपा उपाय.

सेगमेंटवाली

दादा, मरतात खरे, पण पाच मिनिटांत प्रेक्षकही मरतो. सर्व्हरच्या डिस्कला ५ मिनिटं ठीक आहेत, लाइव्ह मॅचच्या काळ्या पडद्याला नाही. आणि दर दोन मिनिटांनी ३० सेकंद अडकणारी स्ट्रीम तुमच्या नियमात कधीच पेटणार नाही, फॉरमध्ये मधे एकदा जरी अट मोडली की मोजणी पहिल्यापासून. असल्या रडतखडत चालणाऱ्या स्ट्रीमसाठी "गेल्या १० मिनिटांत एकूण किती सेकंद खराब" असा वेगळा नियम हवा, एकूण ६० च्या वर गेला की क्रिटिकल.

गप्पच_बरा

हं. मॅचच्या चॅनेलपुरतं मान्य. बाकीच्यांना माझं तेच राहणार.

शांत_पेजर

अजून एक महत्त्वाचं राहिलं, डेटाच न येणं. प्रोमिथियसमध्ये प्रोब मेला की सिरीजच (आकड्यांची मालिकाच) नाहीशी होते, मग नियमाला उत्तरच मिळत नाही, आणि उत्तर नाही म्हणजे पेटलेला अलर्टसुद्धा विझतो. म्हणजे बिघाड चालू असताना प्रोब मेला तर तुम्हाला "बरं झालं" असा मेसेज येऊ शकतो! अ‍ॅबसेंट (सिरीज नाही हे सांगणारं फंक्शन) वापरा, पण तो निवडलेल्या सगळ्याच सिरीज गायब झाल्या तरच बोलतो, बावीसपैकी एक गेली तर गप्प. म्हणून चॅनेलची अपेक्षित यादी वेगळी मेट्रिक म्हणून ठेवा आणि यादीत आहे पण डेटात नाही असा नियम लिहा. आणि एक अलर्ट कायम पेटता ठेवा जो बाहेरच्या दुसऱ्याच सर्व्हिसला दर मिनिटाला टोचतो, टोचणं थांबलं की ती सर्व्हिस फोन करते. मॉनिटरिंगच पडलं तर कळायला दुसरा मार्ग नाही.

रात्रपाळी_चालू

लिहून काढलं सगळं. फोनवर आता एवढंच ठेवतोय: प्लेलिस्ट टार्गेटच्या तिप्पट शिळी, सीक्वेन्स मागे, पीआयडी शून्य, गोठलेलं अधिक शांतता १० सेकंद, स्लाइड नसलेल्या चॅनेलला नुसतं गोठलेलं २० सेकंद, १० मिनिटांत ६० खराब सेकंद, आणि डेटा गायब. बाकी सगळं चॅटवर किंवा सकाळच्या रिपोर्टात. सीपीयू उडवला.

शेवटचे दोन प्रश्न. सीडीएनचे ५०० वाले (सर्व्हरच्या चुकीचे) एरर १ टक्क्याच्या वर की क्रिटिकल असा नियम आहे, तो रात्री तीनला हमखास पेटतो, ठेवू का? आणि हे सगळं नवं लावल्यावर चालतंय हे बघायचं कसं, खरा बिघाड व्हायची वाट बघत बसू का?

सेगमेंटवाली

रात्री तीनला प्रेक्षक किती? पन्नास रिक्वेस्टमधली एक फसली की झाले २ टक्के. टक्क्याच्या जोडीला किमान संख्या टाका, १ टक्क्याच्या वर आणि ५ मिनिटांत निदान १०० एरर, दोन्ही खरं असेल तरच. आणि सेगमेंटचे ४०४ (फाइल सापडत नाही) पण त्यात मोजा, लाइव्हमध्ये पॅकेजर आणि प्लेलिस्ट यांचा मेळ चुकला की ५०० येत नाहीत, ४०४ येतात. मॅनेजमेंटने ९९.९ टक्क्यांचं वचन दिलं असेल तर महिन्याला हातात ४३ मिनिटं असतात, ती कुठल्या वेगाने संपतायत त्यावर नियम लावता येतो, एका तासात त्यातले २ टक्के जळाले की फोन. पण ते नंतर, आधी हे बसू दे.

चित्रगुप्त_क्यूसी

तपासायला एक टेस्ट चॅनेल कायमचं ठेवा, बाहेर कुणाला न दिसणारं, पण नियम तेच, पोचायचा रस्ता तोच. त्यावर एक लूप चालवा ज्यात १५ सेकंद काळं आणि शांत, मग २५ सेकंद गोठलेलं चित्र पण आवाज चालू, मग फक्त डावा ऑडिओ बंद. एसआरटीच्या लाइनवर लिनक्सच्या टीसी नेटेमने (नेटवर्क मुद्दाम बिघडवायचं साधन) ५ टक्के लॉस टाका आणि बघा, लॉस दिसायला हवा पण फोन वाजायला नको. मग लेटन्सी मुद्दाम कमी करा, ड्रॉप सुरू झाले की वाजायला हवा. शेवटी पॅकेजरची प्रोसेस किल न करता थांबवा, स्टॉप सिग्नलने, म्हणजे फाइल जागेवर राहते आणि २०० येत राहतो. प्रत्येक वेळी घड्याळ लावून बघा फोन किती सेकंदांनी वाजला आणि वर शांत_पेजरने सांगितलेल्या हिशोबाशी ताडून बघा.

आणि नवे नियम थेट फोनवर सोडू नका, आधी आठवडाभर वेगळ्या चॅट चॅनेलवर मुके चालू द्या, जुन्या डेटावर चालवून बघता आले तर उत्तमच, त्या गोठलेल्या रात्रीचा डेटा तुमच्याकडे आहेच. कारखान्यांतल्या कंट्रोल रूमसाठी ईईएमयूए १९१ म्हणून जे मार्गदर्शन आहे त्यात सरासरी दहा मिनिटांना एकापेक्षा कमी अलार्म एका ऑपरेटरला झेपणारा धरलाय, पण तो समोर जागा बसलेला ऑपरेटर. झोपलेल्या माणसाला मी तरी रात्रीत एखाद्याच्या वर फोन जाऊ देणार नाही.

रात्रपाळी_चालू

टेस्ट चॅनेल उभं केलं, लूप पण बनवला. पहिल्याच फेरीत गोठलेल्या चित्राचा अलर्ट आला, शांततेचा आला, डाव्या ऑडिओचा नाही आला, तो पर्याय सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये नसून प्रोबच्या टेम्पलेटमध्ये लपलेला निघाला, कुणाला लागलं तर तिथे बघा. पॅकेजर थांबवल्यावर फोन वाजायला दीड मिनिटाच्या वर लागलं, ग्रुप वेट कमी करून उद्या परत बघतो.